इंजिन तुमचे, बॉयलर घराचा

वाचकाचा प्रश्न

नाशिकच्या पाथर्डी फाटा परिसरातील एका वाचकांनी पाठवलेल्या दीर्घ पत्राचा हा सारांश आहे. त्यांचे वय ५२ असून अंबडच्या एका कारखान्यात ते २७ वर्षे गुणवत्ता तपासणी विभागात काम करत आहेत. त्यांचे आजोबा वाफेच्या इंजिनांच्या काळात मनमाड-इगतपुरी मार्गावर फायरमन होते. आजोबांच्या आठवणी ऐकत लहानपण गेल्यामुळे, एक छोटे पण खरोखर वाफेवर चालणारे इंजिन आपल्या हातांनी घडवावे, ही त्यांची अनेक वर्षांची इच्छा आहे. रो-हाऊसच्या पार्किंगमध्ये टेबल, व्हाइस आणि ड्रिल मशीन आहे. गेल्या वर्षी त्यांनी एका पितळी डब्याला साधे सोल्डर करून बॉयलर बनवला होता. तो तापत असताना सांधा सुटला आणि उकळते पाणी भिंतीवर उडाले. कोणालाही इजा झाली नाही, मात्र त्या दिवसापासून ‘घरात बॉयलर नको’ असे त्यांच्या पत्नीने ठामपणे सांगितले आहे. आता माळ्यावरचा आजीचा तांब्याचा बंब कापून त्याच्या पत्र्यातून अर्धा लिटर पाण्याचा आणि तीन किलो दाबाचा (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तीन किलो), ७५ मिलिमीटर व्यासाचा पक्का बॉयलर करावा, असे त्यांच्या मनात आहे. लेथ मशीनसाठी त्यांनी लाखभर रुपये बाजूला ठेवले आहेत, पण मुलगी बारावीत असल्याने तो खर्चही घरात वादाचा झाला आहे. एक मित्र आपल्या सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, सगळे भाग करून द्यायला तयार आहे. परंतु तसे केले तर ते इंजिन ‘माझे’ कसे म्हणायचे, हा प्रश्न त्यांना छळतो. लेथ घ्यावे का, मित्राची मदत घ्यावी का आणि पत्नीची समजूत कशी घालावी, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याचे उत्तर मिळाले की पहिल्या दोन प्रश्नांचे वजन बरेच कमी होईल असे मला वाटते. ‘पत्नीची समजूत कशी घालावी’ असे तुम्ही विचारता, तेव्हा त्यांचा काहीतरी गैरसमज झाला आहे असे तुम्ही धरून चालता. पत्र मी दोनदा वाचले. आजोबांविषयी तुम्ही दोन पाने लिहिली आहेत आणि सांधा सुटला त्या दुपारीविषयी केवळ तीन ओळी. त्या तीन ओळींत वहिनींचे म्हणून जे वाक्य तुम्ही दिले आहे, ते ‘घरात बॉयलर नको’ असे आहे. ‘इंजिन नको’ असे त्या म्हणाल्याचे पत्रात कुठेही नाही. तुम्ही मात्र त्या नकाराचा अर्थ ‘माझा छंद नको’ असा घेतला आहे आणि वर्षभर त्याच अर्थाशी भांडत आहात.

इंजिन आणि बॉयलर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्या एका पाट्यावर शेजारी बसवल्या जातात आणि एका नळीने जोडल्या जातात, एवढाच त्यांचा संबंध. इंजिन वाईट झाले तर ते फिरत नाही, फार तर गळते, खडखडते आणि बनवणाऱ्याची रविवारची दुपार वाया घालवते. बॉयलर वाईट झाला तरी तो कित्येक दिवस उत्तम चालू शकतो आणि त्यातला दोष ज्या क्षणी कळतो, त्या क्षणी शेजारी उभे असलेल्या माणसाला मागे सरकायलाही वेळ मिळत नाही. तुमचे प्रेम पहिल्या वस्तूवर आहे आणि वहिनींची भीती दुसऱ्या वस्तूची आहे. या दोन भावना एकमेकींच्या विरुद्ध नाहीत, त्यांचे विषयच निराळे आहेत.

आणि ही भीती अडाणीपणाची मुळीच नाही. वाफेचे इंजिन सुधारणाऱ्या जेम्स वॅट यांच्यासारखा माणूस आयुष्यभर कमी दाबाच्या वाफेच्या बाजूने राहिला आणि उच्च दाबाला त्यांनी विरोधच केला. ब्रिटिश अभियंते रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनी उच्च दाबाचा मार्ग धरला, तो पुढे यशस्वीही झाला. परंतु १८०३ साली ग्रिनिच येथे त्यांच्या एका इंजिनाचा बॉयलर फुटून माणसे दगावली. त्यानंतर त्यांनी आपल्या बॉयलरांना दोन सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब वाढला की आपोआप उघडून वाफ सोडणाऱ्या झडपा) बसवायला सुरुवात केली आणि त्यांतला एक चालकाच्या हाताला लागू नये अशी व्यवस्था केली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण मी तिच्याकडे पुन्हा येणार आहे.

तेव्हा पहिली सूचना अशी की, पुढचे सहा-आठ महिने बॉयलर हा शब्दच घरात काढू नका आणि इंजिनाला लागा. वाफेवर चालणारे छोटे इंजिन दाबाखालच्या हवेवरही तसेच चालते, आणि जगभरचे अनुभवी छांदिष्ट आपले नवे इंजिन आधी हवेवरच फिरवून पाहतात. रंगकामाचा छोटा कंप्रेसर आणि त्याच्यापुढे दाब कमी करणारा रेग्युलेटर असला की पुरते. दाब एक किलोच्या आतच ठेवावा. तेवढीही सोय नसेल, तर मोटारीच्या टायरमध्ये हवा भरायच्या पायपंपावरसुद्धा पहिले काही फेरे मिळतात आणि इंजिनात दम आहे की नाही ते कळते. बॉयलर लांबणीवर टाकल्याने तुमचे काहीच हरवत नाही. उलट इंजिन आणि बॉयलर एकाच वेळी नवे असले म्हणजे दोष कोणाचा हे ओळखण्यात जो वेळ जातो, तो वाचतो.

कोणते इंजिन करावे याविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही. तुमच्या टेबलावर जी साधने आहेत ती पाहता, पहिले इंजिन डोलत्या सिलिंडरचे असावे असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात वेगळा व्हॉल्व्ह नसतो, व्हॉल्व्ह हलवणारी विकेंद्री चकती म्हणजे एक्सेंट्रिक नसतो आणि कनेक्टिंग रॉडही नसतो. पिस्टनचा दांडा थेट क्रँकच्या खुंटीला जोडलेला असतो, आणि क्रँक फिरली की सिलिंडरच एका खिळीवर डावी-उजवीकडे डोलतो. सिलिंडरच्या सपाट तोंडाला एक भोक असते आणि ज्या उभ्या पट्टीला तो टेकलेला असतो तिला दोन. एका बाजूला डोलला की वाफेचे भोक समोर येते, दुसऱ्या बाजूला डोलला की वापरलेली वाफ बाहेर जाण्याचे. इतक्या साध्या युक्तीत संपूर्ण वाफेचे चक्र बसते, हे स्वतः पाहिल्याशिवाय त्याचा आनंद कळत नाही.

आकडे द्यायचे तर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) १२ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) २० मिलिमीटर घ्या. म्हणजे क्रँकची खुंटी केंद्रापासून १० मिलिमीटरवर येईल. सिलिंडरची खिळी आणि क्रँकशाफ्टचे केंद्र यांत ५० मिलिमीटर अंतर ठेवले, तर सिलिंडर मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण साडेअकरा अंशांनी डोलेल. खिळीपासून १५ मिलिमीटरवर भोक घेतल्यास ते प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर सरकेल. म्हणून पट्टीवरची दोन भोके मधल्या रेषेपासून तीन-तीन मिलिमीटरवर पाडायची आणि सगळ्या भोकांचा व्यास अडीच मिलिमीटर ठेवायचा. तसे केले की सिलिंडर मध्यावर असताना त्याचे भोक दोन्हीकडून अर्ध्या मिलिमीटरने बंद राहते आणि वाफ आत येता येताच बाहेर पळत नाही. भोक तीन मिलिमीटरहून मोठे झाले तर नेमके हेच बिघडते, आणि इंजिन हवा खाते पण फिरत नाही. नवख्यांची सर्वाधिक निराशा या एका चुकीतून होते.

या इंजिनात सगळीच मापे मायक्रॉनमध्ये लागत नाहीत, आणि तुमच्यासारख्या माणसाला हे मान्य करणे जड जाईल याची मला कल्पना आहे. फ्लायव्हीलचा व्यास एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही. परंतु खिळीचे भोक सिलिंडरच्या सपाट तोंडाशी काटकोनात असलेच पाहिजे, क्रँकची खुंटी शाफ्टशी समांतर असलीच पाहिजे, आणि एकमेकांना टेकणारी दोन्ही तोंडे खरोखर सपाट असली पाहिजेत. सपाटपणासाठी जाड काच घ्या, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून थोडे तेल टाका आणि भाग इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने फिरवा. तोंडावर आधी मार्करने रेघा ओढल्या तर कोठे घासले जात आहे आणि कोठे नाही ते लगेच दिसते. पिस्टनसाठी बाजारातला १२ मिलिमीटरचा ओढीव पितळी बार नेमक्या मापापेक्षा थोडा कमीच भरतो, म्हणून रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारे हत्यार) मारलेल्या बोअरला कोणता तुकडा चपखल बसतो ते चार-पाच तुकडे मायक्रोमीटरने मोजून निवडा. निवडून जोडी लावणे हे तर तुमचे रोजचेच काम आहे.

इथे एक गोष्ट थोडी आपुलकीने लिहितो. सत्तावीस वर्षे तुम्ही दुसऱ्यांनी केलेले भाग मोजले, स्वीकारले आणि नाकारले. मोजणाऱ्या हाताला घडवणाऱ्या हाताची चूक फार लवकर दिसते, आणि म्हणूनच असा माणूस स्वतः कानस हातात धरायला कचरतो. तुमच्या पत्रात ‘लेथ आल्यावर’, ‘चांगला टॅप-सेट घेतल्यावर’, ‘पार्किंग नीट बंदिस्त केल्यावर’ असे शब्द पुन्हा पुन्हा येतात. साधने पूर्ण झाल्याशिवाय काम सुरू करता येत नाही, ही समजूत तुम्ही तपासून पाहावी असे मला वाटते. पहिले दोन सिलिंडर तुमच्याच तपासणीत नापास होतील. तिसरा होणार नाही.

लेथ मशीनचा प्रश्न त्यामुळे सोपा होतो: आत्ता घेऊ नका. वर सांगितलेल्या इंजिनात सिलिंडर, पिस्टन, पट्टी आणि पाया हे सगळे ड्रिल मशीन, रीमर, आटे पाडणारा टॅप, कानस आणि काच यांवर होते. लेथची खरी गरज फ्लायव्हील आणि क्रँकची चकती यांना लागते, आणि ते दोन-तीन तासांचे काम आहे. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत जॉबवर्क करणारी इतकी छोटी वर्कशॉप आहेत की साधे जुने लेथ रविवारी रिकामे असलेली जागा शोधणे नाशिककरांना मुळीच अवघड नाही. लाख रुपयांचे मशीन घरात आले की ते दर दिवशी तुमच्याकडे हिशोब मागू लागते, आणि घरातही. बारावीचे वर्ष पार पडू द्या. पहिले इंजिन पूर्ण झाल्यावर, दुसरे स्लाइड व्हॉल्व्हचे (सरकत्या झडपेचे) करायचे ठरले, तर लेथचा विचार करावा. तेव्हा कोणत्या मापाचे घ्यायचे हेही तुम्हाला अनुभवाने ठाऊक असेल. त्या टप्प्यावर ब्रिटनमधल्या स्टुअर्ट या जुन्या नावाच्या ओतीव भागांच्या संचांकडेही पाहता येईल. त्यांचे टेन-व्ही हे उभे इंजिन पाऊण इंच बोअर आणि पाऊण इंच स्ट्रोकचे आहे, आणि कित्येकांनी त्याच्यावर लेथचे काम शिकले आहे.

मित्राच्या मदतीविषयी मला फार लिहावे लागेल असे वाटत नाही. सीएनसीवर सगळे भाग करून घेतले तर ते इंजिन चालेल आणि तुम्हाला ते आवडणार नाही. तुम्ही पत्रातच हे उत्तर दिले आहे. मित्राला त्याऐवजी हे मागा की रविवारी सकाळी त्याचे साधे लेथ तुम्हाला वापरू द्यावे आणि त्याने शेजारी उभे राहून हात धरून शिकवावे. हे मागणे त्याच्यासाठी महाग आहे, कारण त्यात त्याचा वेळ जातो. पण मित्राकडे मागण्यासारखे तेच आहे.

आता बॉयलर. याला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे, कारण असा छंद असलेल्या इतर वाचकांसाठीही हा भाग निर्णायक आहे.

गेल्या वर्षी जे झाले त्याचे कारण आधी समजून घ्या. शिसे आणि कथील यांचे साधे सोल्डर १८३ अंशांच्या पुढे वितळू लागते. तीन किलो दाबाच्या वाफेचे तापमान सुमारे १४३ अंश असते, म्हणजे सोल्डर वितळण्याच्या खूपच जवळ, आणि त्या तापमानाला त्याची ताकद आधीच पुष्कळ घटलेली असते. त्यातून पाण्याची पातळी खाली गेली आणि ज्योतीसमोरचा एखादा सांधा कोरडा पडला, की तिथले तापमान वाफेच्या तापमानाला बांधलेले राहत नाही, ते झपाट्याने चढते. तुमचा डबा तुम्ही नीट न बनवल्यामुळे फुटला नाही, त्या जोडकामाला ते काम झेपणारेच नव्हते. बॉयलरचे सांधे सिल्व्हर ब्रेझिंगनेच, म्हणजे चांदीमिश्रित कांडी वितळवून, करावे लागतात; ती कांडी ६०० अंशांच्या वर वितळते. कांडी घेताना ती कॅडमियम नसलेली आहे याची खात्री करा, कारण कॅडमियमचा धूर विषारी असतो. शिवाय बॉयलरसाठी पितळ वापरू नये. गरम पाण्यात त्यातले जस्त हळूहळू निघून जाते आणि वरून धड दिसणारा भाग आतून ठिसूळ होतो. कवच तांब्याचे आणि नळ्या, दाब दाखवणारे गेज, व्हॉल्व्ह बसवायचे बुश गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझ या काशाच्या जातीच्या मिश्रधातूंचे, ही रीत पाळावी.

तुमच्या आराखड्यातले आकडे मी मांडून पाहिले. ७५ मिलिमीटर व्यासाच्या आणि १.६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या नळकांड्यात तीन किलो दाबाला पत्र्यावर येणारा ताण दर चौरस मिलिमीटरला सुमारे ७ न्यूटन आहे, आणि मऊ तांबे २०० च्या आसपास तुटते. म्हणजे गोल कवचाची काळजी नाही. काळजी आहे ती दोन्ही टोकांच्या सपाट झाकणांची. ७५ मिलिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ ४४ चौरस सेंटिमीटर होते. तीन किलो दाबाला त्याच्यावर १३० किलोंहून अधिक जोर येतो, जणू दोन धडधाकट माणसे त्या चकतीवर आतून उभी आहेत. म्हणूनच झाकणाची कड वळवून ती कवचात बसवावी लागते आणि दोन्ही झाकणे आतून आडव्या दांड्यांनी एकमेकांना बांधावी लागतात.

पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा हिशोब. तीन किलो दाबाखाली १४३ अंशांवर असलेले अर्धा लिटर पाणी अचानक मोकळे झाले, तर त्यातले सुमारे ४० ग्रॅम पाणी त्याच क्षणी वाफ होते, आणि तेवढी वाफ ७० लिटरच्या घरात जागा मागते. बॉयलरमधला धोका प्रामुख्याने या तापलेल्या पाण्यात साठलेला असतो, वरच्या चिमूटभर वाफेत तो थोडाच असतो. आता विचारा, तुमच्या इंजिनाला एवढे पाणी हवे तरी आहे का? १२ बाय २० मिलिमीटरचे एका बाजूने काम करणारे इंजिन एक किलो दाबावर मिनिटाला ५०० फेरे फिरले, तर त्याला हिशोबाने मिनिटाला दीड ग्रॅमपेक्षाही कमी वाफ लागते. थंड सिलिंडरमध्ये विरणारी आणि सांध्यांतून गळणारी वाफ धरून तिप्पट केले, तरी १०० मिलिलिटर पाण्यावर ते वीसएक मिनिटे चालेल. म्हणून १५० मिलिलिटर पाणी आणि एक किलो दाब पुरेसा आहे. तेवढ्या बॉयलरमधले पाणी मोकळे झाले तर होणारी वाफ दहा लिटरच्या आत राहते, म्हणजे तुमच्या आराखड्याच्या सातव्या हिश्शापेक्षा थोडी कमीच. आणि व्यास ५० मिलिमीटर ठेवला तर झाकणावरचा जोर २० किलोंवर येतो. धोका यानेही शून्य होत नाही, उकळत्या पाण्याने माणूस भाजतोच. मात्र ‘बॉयलर हवा की नको’ या प्रश्नापेक्षा ‘केवढा बॉयलर’ हा प्रश्न घरात मांडणे अधिक प्रामाणिक आहे, आणि तो तुम्ही अजून मांडलेलाच नाही.

आजीचा बंब कापू नका. यात भावनेचा भाग आहेच, परंतु कारण तांत्रिकही आहे. अनेक वर्षे जाळ, क्षार आणि चिंचेची घासणी सोसलेला पत्रा कोठे किती झिजला आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि जाडी ठाऊक नसलेल्या पत्र्यावर वरचे एकही गणित लागू पडत नाही. तपासणी विभागात असा कच्चा माल तुम्ही दारातूनच परत पाठवला असता. मात्र बंब माळ्यावरून खाली जरूर काढा आणि मुलीला दाखवा. मधल्या उभ्या नळीत विस्तव, भोवती पाणी आणि खाली राखेची जाळी ही रचना म्हणजे हुबेहूब उभ्या बॉयलरची रचना आहे. फरक एवढाच की बंबाचे तोंड कधी घट्ट बंद नसते, त्यामुळे त्यात दाब साठत नाही. त्याच कारणाने, निव्वळ प्रयोग म्हणूनसुद्धा, कोणीही बंबाची तोंडे बुजवून तो पेटवू नये.

नवे तांबे घ्या, आणि झाकणाची कड वळवायला शिकण्यासाठी जुन्या नाशकातल्या तांबट आळीत जा. भांडी बाजारातल्या तांब्याच्या भांड्यांना आकार देणारे हात हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. ठोकून ठोकून तांबे कडक होते, मग ते मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवले की पुन्हा मऊ पडते, आणि कड पूर्ण वळेपर्यंत हे चार-पाचदा करावे लागते. वाचून हे कळते, पण हातात येते ते पाहूनच. ब्रेझिंग मात्र पहिल्या बॉयलरला स्वतः करू नका, असा माझा आग्रह आहे. तांबे उष्णता इतक्या वेगाने पसरवते की सगळा सांधा एकाच वेळी लाल करायला मोठी ज्योत आणि सराव लागतो, आणि अर्धवट भरलेला सांधा वरून पूर्ण भरल्यासारखा दिसतो. जाणत्या कारागिराकडून ते करून घ्या आणि शेजारी उभे राहून पाहा. हा तुमच्या कौशल्याचा अपमान नाही.

नंतरची चाचणी हे पूर्णपणे तुमचे क्षेत्र आहे. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरायचा, आत हवेचा बुडबुडाही ठेवायचा नाही, आणि प्लंबर पाइपलाइन तपासायला वापरतात तशा हातपंपाने चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाब द्यायचा. एक किलोच्या बॉयलरला दोन किलो. अर्धा तास काटा हलता कामा नये आणि झाकण फुगता कामा नये. थंड पाणी दाबले तरी फारसे आकसत नाही, म्हणून सांधा सुटलाच तर ते पाझरून थांबते. हवेने ही चाचणी कधीही घेऊ नये. दाबलेली हवा बॉयलरच फोडून बाहेर येते. गेज आधी कॅलिब्रेट करून घ्या, हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही.

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातल्या बॉयलरला परवाना लागतो, निरीक्षक लागतो आणि प्रमाणपत्रधारक माणसे लागतात. तुमच्या बॉयलरला यांतले काहीही लागत नाही, कारण २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे भांडे बॉयलर कायद्याच्या व्याख्येतच येत नाही. १९२३ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला, तरी ही सूट कायम आहे. पुष्कळ हौशी मंडळी याचा अर्थ ‘परवानगी आहे’ असा घेतात. माझ्या मते त्याचा अर्थ एवढाच की तपासणारे कोणीतरी आपल्यालाच नेमावे लागेल.

आणि इथे मी ट्रेव्हिथिक यांच्या दुसऱ्या व्हॉल्व्हकडे परत येतो. वहिनींची समजूत घालू नका. त्यांना अधिकार द्या. चाचणीच्या वेळी गेजसमोर त्यांना बसवा आणि काटा त्यांना वाचू द्या. तारीख, दाब आणि वेळ त्यांच्या हाताने एका वहीत लिहिली जावी, आणि दरवर्षी चालवायच्या दाबाच्या दीडपटीने चाचणी पुन्हा होऊन त्याच वहीत नोंदली जावी. सेफ्टी व्हॉल्व्ह पूर्ण ज्योतीवर सगळी वाफ बाहेर टाकतो आणि गेजचा काटा ठरलेल्या दाबाच्या फार तर दहा टक्के वर जातो, हे त्यांच्यासमोर सिद्ध करा, आणि मग त्याच्या स्क्रूला सील लावून टाका. वहीत नोंद नसेल तर पेटवायचे नाही, हा नियम त्यांनी करावा आणि तुम्ही तो वाद न घालता पाळावा. इतके सगळे पाहूनही त्या ‘नको’ म्हणाल्या, तर इंजिन हवेवर चालत राहील आणि ते अपुरे ठरणार नाही. हा निकाल मान्य करण्याची तयारी मनात नसेल, तर त्यांना बोलावण्यात अर्थ नाही.

पार्किंगमध्ये मात्र कधीही पेटवू नका. तिथे स्कूटर उभी असेल, तिच्यात पेट्रोल असेल, आणि वर घर आहे. अंगणात किंवा गच्चीवर, वारा नसलेल्या वेळी, सिमेंटच्या लादीवर चालवावे आणि चालू असताना क्षणभरही सोडून जाऊ नये. गॅसच्या ज्योतीऐवजी स्पिरिटचा दिवा घ्या आणि स्पिरिट मोजून भरा: आधी उघड्या बॉयलरमध्ये ठरलेले पाणी घालून किती स्पिरिटमध्ये किती पाणी उकळून जाते ते दोनदा मोजा, आणि पाणी निम्म्यावर येण्याआधीच दिवा विझेल एवढेच स्पिरिट पुढे वापरा. बोअरवेलचे पाणी घालू नका, क्षारांचा थर बसतो. गाळलेले पावसाचे पाणी चांगले. नाशिकचा पावसाळा लोखंडी शाफ्टलाही सोडत नाही, म्हणून प्रत्येक वेळी चालवून झाल्यावर सिलिंडरमध्ये तेल सोडून इंजिन हाताने दहा-बारा वेळा फिरवून ठेवावे.

तुमच्या आजोबांविषयी एक सांगायचे राहिले. फायरमन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कोळशाचे फावडे येते. परंतु इंजिनावर चढल्यावर फायरमनची पहिली नजर जायची ती पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे, आणि पुढचा सगळा प्रवास ती नजर तिकडे वळत राहायची. तुमच्या दीडशे मिलिलिटरच्या बॉयलरलाही तशी एक काच बसवून घ्या, आकार लहान आहे म्हणून ती वगळू नका.

सध्या मात्र १२ मिलिमीटरचा बार, रीमर आणि घासायची जाड काच एवढेच आणा. इंजिन हवेवर फिरू लागले की ते किती वेगाने फिरते हे मला लिहू नका. रेग्युलेटर हळूहळू खाली आणत, कमीत कमी किती दाबावर ते न अडता संथ फिरत राहिले, तो आकडा कळवा.